शिरवळहून समुद्र किती लांब? सहा जणांच्या कोकण सहलीचं नियोजन नेमकं कसं करायचं?

व्हॉट्सॲपवर ग्रुप तयार होतो. नाव ठेवलं जातं 'या वेळी नक्की'. पहिल्या दिवशी कुणीतरी ग्रीसच्या सँटोरिनी बेटाचं रील टाकतं. पांढरी घरं, निळे घुमट, खाली शांत निळा समुद्र. दुसऱ्या दिवशी बजेटचा विषय निघतो आणि ग्रीसचा गोवा होतो. तिसऱ्या दिवशी सुट्ट्यांचा विषय निघतो आणि गोव्याचं कोकण होतं. मग दोन महिने शांतता. आणि एका शुक्रवारी रात्री अचानक मेसेज येतो, "उद्या पहाटे निघायचं का?"

सातारा जिल्ह्यातल्या शिरवळसारख्या गावात हे चित्र ओळखीचं आहे. पुणे-बंगळुरू महामार्गावरचं, नीरा नदीकाठचं हे गाव. शेजारी औद्योगिक वसाहत, पशुवैद्यकीय महाविद्यालय, शिफ्टमध्ये काम करणारी तरुण मंडळी. समुद्र तसा फार लांब नाही. सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला किनाऱ्यावर पोहोचता येतं.

अडचण अंतराची नाही. सहल ठरवताना सगळ्यात आधी हॉटेल शोधलं जातं आणि ज्या तीन गोष्टींवर सहल सुखरूप होणं अवलंबून असतं, त्या कुणी पाहतच नाही: महिना, घाट आणि भरती-ओहोटीची वेळ. या तीन गोष्टी आधी ठरवल्या की हॉटेल, जेवण आणि खर्च हे सगळं सोपं होतं. ते कसं, हे समजून घेऊया.

रीलमधला भूमध्य समुद्र आणि कोकण यांत फरक काय?

सुट्टीसाठी समुद्रकिनारा म्हटलं की डोळ्यांसमोर येणारी बरीचशी दृश्यं भूमध्य समुद्राची असतात. ग्रीस, इटली, स्पेन, फ्रान्सचा दक्षिण भाग, तुर्की. तिथले नियम मात्र कोकणात जसेच्या तसे लागू होत नाहीत. याची दोन कारणं आहेत.

पहिलं कारण हवामान. भूमध्य समुद्राच्या भागात पाऊस मुख्यतः हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा असतो. त्यामुळे जून ते सप्टेंबर हा तिथला भर हंगाम. कोकणात नेमकं उलटं. जून ते सप्टेंबर हे चार महिने पावसाचे आणि खवळलेल्या समुद्राचे.

दुसरं कारण भरती-ओहोटी. भूमध्य समुद्र चारही बाजूंनी जवळपास जमिनीने वेढलेला आहे. अटलांटिक महासागराशी तो जोडला गेलाय जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीने, आणि ती सगळ्यात अरुंद ठिकाणी जेमतेम १४ किलोमीटर रुंद आहे. त्यामुळे तिथे बहुतेक ठिकाणी भरती आणि ओहोटीच्या पातळीत अर्ध्या मीटरचाही फरक पडत नाही. कोकणाचा किनारा थेट अरबी समुद्राला भिडलेला आहे. मुंबईजवळ मोठ्या उधाणाला पाणी साडेचार मीटरच्या आसपास चढतं. दक्षिणेकडे हा फरक कमी होत जातो, तरी तो माणसाच्या उंचीपेक्षा जास्त असू शकतो.

म्हणजे रीलमधला माणूस दिवसभर एकाच जागी पाण्यात पाय सोडून बसू शकतो. कोकणात सकाळी जिथे क्रिकेट खेळलो, तिथे दुपारी डोक्यावरून पाणी असू शकतं.

कोणत्या महिन्यात जायचं?

सगळ्यात सोयीचा काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. हवा कोरडी, दिवस उबदार, रात्री सुखद. मार्चपासून दमटपणा वाढतो. एप्रिल-मे महिन्यांत आंबा, काजू, फणस यांची चैन असते, पण दुपारी बारा ते चार किनाऱ्यावर थांबवत नाही. शाळांच्या सुट्ट्यांमुळे गर्दी आणि दरही वाढलेले असतात.

मेच्या अखेरीस जलक्रीडा आणि किल्ल्यांकडे जाणाऱ्या होड्या बंद होऊ लागतात. १ जूनपासून यांत्रिक होड्यांच्या मासेमारीवर बंदी असते. कोकणात समुद्र पुन्हा 'उघडतो' तो परंपरेने नारळी पौर्णिमेला. दर्याला नारळ अर्पण केल्यावरच होड्या पाण्यात लोटल्या जातात. ज्यांची रोजीरोटी समुद्रावर आहे, तेच या काळात किनाऱ्यावर थांबतात. सहलीला आलेल्यांनी पाण्यात उतरू नये, हे सांगायला आणखी वेगळा पुरावा नको.

तारीख ठरवताना स्थानिक कॅलेंडरही पाहावं लागतं. पौष पौर्णिमेला मांढरदेवीची काळूबाईची यात्रा असते. त्या दिवसांत भोर आणि वाई या दोन्ही बाजूंनी गाड्यांची रांग लागते आणि शिरवळहून कोकणात उतरायचे जवळचे दोन्ही रस्ते त्याच गावांतून जातात. २० मार्चला महाडला चवदार तळ्याच्या सत्याग्रहाच्या स्मृतिदिनी मोठा जनसमुदाय येतो. नोव्हेंबरपासून उसाचा हंगाम सुरू झाला की पहाटेच्या अंधारात रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्या असतात आणि अनेकांना मागे दिवाही नसतो. त्यामुळे 'रात्री दोनला निघू, रस्ता मोकळा मिळेल' हा हिशेब वाटतो तितका बरोबर नाही.

शिरवळहून समुद्राकडे कोणता रस्ता?

साधारण तीन पर्याय आहेत.

वरंधा घाट: शिरवळ-भोर-वरंधा घाट-महाड. महाडहून म्हसळामार्गे हरिहरेश्वर किंवा श्रीवर्धन. हरिहरेश्वरपर्यंत सुमारे १७० किलोमीटर, थांबे धरून साडेपाच-सहा तास. भोरच्या पुढे नीरा-देवघर धरणाच्या पाण्याच्या कडेने रस्ता जातो. शिरवळजवळून वाहणारी नीरा याच डोंगरात उगम पावते. ती पूर्वेला भीमेकडे निघते आणि आपण तिच्या उगमापलीकडे पश्चिमेला उतरतो. वाटेत थोडी वाकडी वाट केली तर समर्थ रामदासांच्या वास्तव्यासाठी प्रसिद्ध असलेली शिवथरघळ पाहता येते. या रस्त्यावर टोलनाका लागत नाही. मात्र घाट अरुंद आहे, वळणं तीव्र आहेत, मोबाईलची रेंज येते-जाते. भोरलाच टाकी भरून घ्यावी.

आंबेनळी घाट: शिरवळ-खंबाटकी घाट-सुरूर-वाई-महाबळेश्वर-पोलादपूर-खेड-दापोली. सुमारे १९० किलोमीटर. प्रतापगडाच्या पायथ्याने रस्ता उतरतो. दापोली तालुक्यातल्या लाडघर, कर्दे, मुरुड, आंजर्ले या किनाऱ्यांसाठी हा मार्ग सोयीचा. शनिवारी-रविवारी पाचगणी आणि महाबळेश्वरच्या गर्दीत एक-दीड तास सहज जातो.

कुंभार्ली घाट: शिरवळ-सातारा-उंब्रज-पाटण-कोयनानगर-चिपळूण-गुहागर. अंतर सर्वात जास्त, सुमारे २२० किलोमीटर. पण उंब्रजपर्यंत चौपदरी-सहापदरी महामार्ग आहे. वाटेत आनेवाडीचा टोलनाका लागतो. घाटात गाडी चालवायची फारशी सवय नसलेला चालक असेल, तर अंतर जास्त असूनही हा पर्याय विचारात घ्यावा.

मालवण आणि तारकर्लीचं काय? शिरवळहून कोल्हापूरमार्गे ते तीनशे किलोमीटरच्या पुढे जातं. जाण्यात एक दिवस, येण्यात एक दिवस. तीन मुक्काम हाताशी असतील तरच मालवण. दोन दिवसांत मालवण करणारे लोक समुद्रापेक्षा गाडीची काच जास्त पाहतात.

घाट बंद आहे का, हे का तपासायचं?

वरंधा घाट पावसाळ्यात अनेकदा जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाने बंद ठेवला जातो. अतिवृष्टीचा इशारा असेल तर सगळ्याच वाहनांना, इतर वेळी अवजड वाहनांना बंदी असते. रस्ता रुंदीकरणासाठी तो ऐन उन्हाळ्यातही बंद झालेला आहे. नकाशाचं ॲप प्रत्येक वेळी हे दाखवेलच असं नाही.

ही बंदी म्हणजे प्रशासनाची अतिकाळजी, असं कुणाला वाटत असेल तर या भागाचा अलीकडचा इतिहास आठवावा. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला आणि त्याबरोबर एसटीच्या दोन बसही गेल्या. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली. त्याच पावसात आंबेनळी घाटाचा रस्ताही ठिकठिकाणी खचला.

म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी तीन गोष्टी कराव्यात. रायगड, पुणे किंवा सातारा जिल्हा प्रशासनाच्या सोशल मीडिया खात्यांवर घाटाबद्दल काही आदेश आहे का ते पाहावं. जिथे मुक्काम आहे त्या घरमालकांना फोन करून रस्ता विचारावा. आणि दुसरा रस्ता कोणता, हे घरातून निघतानाच ठरवून ठेवावं. घाटाच्या तोंडाशी उभं राहून सहा जणांत चर्चा केली तर ती भांडणावरच संपते.

किनारा कोणता निवडायचा?

इथे भूमध्य समुद्राचा एक उपयोगी धागा सापडतो. 'ब्लू फ्लॅग' हे किनाऱ्यांना दिलं जाणारं मानांकन १९८५ मध्ये फ्रान्समध्ये सुरू झालं आणि दोन वर्षांनी युरोपभर गेलं. डेन्मार्कमधली फाउंडेशन फॉर एन्व्हायर्नमेंटल एज्युकेशन ही संस्था ते देते. पाण्याची स्वच्छता, सुरक्षा, सुविधा, पर्यावरण यांच्याशी संबंधित ३३ निकष त्यासाठी पाहिले जातात. स्पेन, ग्रीस, तुर्की हे भूमध्य समुद्राकाठचे देश या यादीत सर्वात पुढे आहेत.

२०२५ मध्ये महाराष्ट्रातल्या पाच किनाऱ्यांना हे मानांकन मिळालं. रायगडमधले श्रीवर्धन आणि नागाव, रत्नागिरीतले गुहागर आणि लाडघर, आणि पालघर जिल्ह्यात डहाणूचा पारनाका. यातले तीन किनारे, म्हणजे श्रीवर्धन, लाडघर आणि गुहागर, हे शिरवळहून निघणाऱ्या वर सांगितलेल्या तीन रस्त्यांच्या टोकालाच आहेत. मानांकन कायमचं नसतं, दर हंगामाला त्याचं नूतनीकरण करावं लागतं. आणि मानांकन आहे म्हणजे बुडण्याचा धोका नाही, असा त्याचा अर्थ होत नाही.

फेब्रुवारीच्या उत्तरार्धापासून एप्रिलपर्यंत जाणार असाल तर मंडणगड तालुक्यातलं वेळास आणि दापोलीतलं आंजर्ले लक्षात ठेवावं. या काळात ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्राकडे सोडली जातात. वेळासला गावकऱ्यांच्या घरीच राहण्या-जेवण्याची सोय होते. हरिहरेश्वरजवळच्या बागमांडल्याहून वेसवीपर्यंत खाडी ओलांडायला गाडीसकट नेणारी फेरीबोट आहे. शेवटच्या फेरीची वेळ आधी विचारून घ्यावी. ती चुकली तर समोर दिसणाऱ्या गावाला पोहोचायला लांबचा वळसा पडतो.

भरतीची वेळ घरच्या कॅलेंडरवरून कशी काढायची?

भरती-ओहोटी मुख्यतः चंद्रामुळे होते. साधारण २४ तास ५० मिनिटांत दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. म्हणजे भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे जाते. पौर्णिमा आणि अमावास्येच्या आसपास पाणी सर्वात जास्त चढतं आणि सर्वात जास्त उतरतं. याला उधाणाची भरती म्हणतात. अष्टमीच्या आसपास हा फरक सर्वात कमी असतो. ती भांगाची भरती.

किनाऱ्यावरच्या लोकांकडे यासाठी एक सोपा हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करायची. जो आकडा येईल, ती साधारण पूर्ण भरतीची वेळ.

- चतुर्थी: ४ ची पाऊणपट ३. म्हणजे भरती तीनच्या सुमारास.
- अष्टमी: ८ ची पाऊणपट ६. भरती सहाच्या सुमारास.
- दशमी: १० ची पाऊणपट साडेसात. भरती साडेसातला.
- पौर्णिमा किंवा अमावास्या: १५ ची पाऊणपट सव्वाअकरा. भरती साडेअकरा-बाराच्या आसपास.

ही वेळ दिवसाची आणि रात्रीची, दोन्हीकडे लागू होते. त्यात सुमारे सहा तास मिळवले की पूर्ण ओहोटीची वेळ मिळते. हिशेब ढोबळ आहे आणि ठिकाणानुसार अर्धा-पाऊण तास किंवा थोडा जास्तही इकडेतिकडे होतो. तारीख ठरवायला तो पुरेसा आहे. पाण्यात उतरण्याआधी मात्र त्या गावातल्या माणसाला विचारावं किंवा भरतीचं तक्ता-ॲप पाहावं.

याचा सहलीला उपयोग काय? समजा शनिवारी पौर्णिमा आहे. भरती दुपारी बाराला, ओहोटी संध्याकाळी सहाला. म्हणजे दुपारी तीन-चारला, जेव्हा सगळे पाण्यात उतरतात, तेव्हा उधाणाचं पाणी वेगाने आत ओढत असतं. हाच शनिवार अष्टमीचा असेल तर ओहोटी दुपारी बाराला आणि भरती संध्याकाळी सहाला. पाण्याचा चढ-उतार कमी आणि दुपारनंतर पाणी किनाऱ्याकडे येणारं. नवख्या ग्रुपसाठी अष्टमीच्या आसपासचा शनिवार-रविवार बरा, तो यासाठी. पौर्णिमेचं चांदणं पाहायला जायचंच असेल तर जरूर जावं, फक्त ते वाळूवर बसून पाहावं.

हरिहरेश्वरला तर ही वेळ पाहिल्याशिवाय जाऊच नये. देवळामागची प्रदक्षिणेची वाट समुद्राला लागून असलेल्या खडकांवरून जाते. ती ओहोटीच्या वेळीच करता येते. भरतीच्या वेळी त्या खडकांवर लाटा आदळतात. तिथे माणसं वाहून गेलेली आहेत. 'एक फोटो काढून येतो' म्हणणाऱ्याला ग्रुपने थांबवायचं असतं.

गाडी वाळूत नेणं हाही असाच प्रकार. ओहोटीला घट्ट वाटणारी वाळू चाकाखाली बसते, गाडी रुतते आणि भरती थांबत नाही. दर हंगामात अशा बुडालेल्या गाड्यांचे व्हिडिओ येतात. गाडी जाते, शिवाय पोलीस कारवाई होते.

धोका फक्त पावसाळ्यातच असतो का?

नाही. १ फेब्रुवारी २०१६ रोजी रायगड जिल्ह्यातल्या मुरूड-जंजिराच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. महिना फेब्रुवारी, आकाश निरभ्र, दिवसाची वेळ. समुद्र शांत दिसतो तेव्हाच माणूस खोल जातो.

बुडण्यामागे अनेकदा आत ओढणारा अरुंद प्रवाह असतो. लाटांनी किनाऱ्यावर आणलेलं पाणी परत जाताना एखाद्या पट्ट्यातून जोरात समुद्राकडे जातं. लाटा फुटत असताना मध्येच एखादा पट्टा गुळगुळीत, गढूळ आणि कमी लाटांचा दिसला, तर तो सुरक्षित नसून हाच प्रवाह असू शकतो. त्यात सापडलं तर किनाऱ्याच्या दिशेने, म्हणजे प्रवाहाविरुद्ध, पोहण्याचा प्रयत्न केला की दमछाक होते. आधी तरंगत राहावं, मग किनाऱ्याला समांतर बाजूला सरकावं आणि प्रवाहाबाहेर आल्यावर किनाऱ्याकडे वळावं.

विहिरीत किंवा नीरेच्या पाण्यात पोहता येतं म्हणून समुद्रातही येतं, हा शिरवळकडच्या मुलांचा ठरलेला गैरसमज. विहिरीचं पाणी ओढत नाही.

ग्रुपने निघण्याआधीच काही नियम ठरवावेत:

- कमरेच्या वर पाण्यात कुणी जाणार नाही.
- प्यायलेला माणूस पाण्यात उतरणार नाही. यावर चर्चा नाही.
- पाण्यात असताना दर वेळी एक जण बाहेर उभा राहून डोकी मोजेल. दर अर्ध्या तासाने माणूस बदलायचा.
- कुणी बुडताना दिसलं तर मागोमाग उडी मारायची नाही. दोर, रिकामा झाकणबंद कॅन, ट्यूब, जे तरंगतं ते फेकायचं आणि जीवरक्षकांना, होडीवाल्यांना हाक मारायची. वाचवायला गेलेलाच बुडाला, असं अनेक घटनांत झालेलं आहे.
- सूर्यास्तानंतर पाण्यात कुणी नाही. डिसेंबरमध्ये सहा वाजताच सूर्य मावळतो.

फोनमध्ये हे क्रमांक असू द्या: आपत्कालीन मदत ११२, रुग्णवाहिका १०८, तटरक्षक दल १५५४.

ग्रुप किती जणांचा असावा?

सहा. फार तर सात. कारण साधं आहे, सगळे एका गाडीत बसतात. 'सात आसनी' गाडीत चालक धरून सात जण बसतात. आठवा माणूस आला की दुसरी गाडी लागते आणि दुसरी गाडी आली की घाटात एकमेकांची वाट पाहणं सुरू होतं.

गाडी भाड्याने घेणार असाल तर पिवळ्या पाटीची घ्यावी. चालकाशिवाय भाड्याने मिळणाऱ्या परवानाधारक गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतात. ओळखीतल्या कुणाची पांढऱ्या पाटीची गाडी पैसे देऊन नेली आणि अपघात झाला, तर विमा कंपनी दावा नाकारू शकते.

एसटीने जायचं असेल तर ग्रुपमधल्या मुलींना आणि महिलांना १७ मार्च २०२३ पासून सर्व प्रकारच्या बसमध्ये अर्धं तिकीट आहे. राज्यातल्या ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना प्रवास मोफत आहे. आजी-आजोबा बरोबर असतील तर खर्चात मोठा फरक पडतो. मात्र घाट बंद असेल तर बसचा मार्ग बदलतो, त्यामुळे आगारात चौकशी करूनच निघावं.

काँट्रीचा हिशेब कसा ठेवायचा?

मैत्री समुद्रात बुडत नाही, हिशेबात बुडते. एक उदाहरण घेऊ. हरिहरेश्वरला जाऊन-येऊन आणि तिथे फिरून ४०० किलोमीटर झाले. गाडी लिटरला १५ किलोमीटर धावली आणि पेट्रोल लिटरला १०५ रुपये धरलं, तर इंधनाचा खर्च सुमारे २,८०० रुपये. सहा जणांत प्रत्येकी ४६७ रुपये. आदल्या रात्री दोघं गळाले तर हाच वाटा ७०० रुपये होतो. खोलीच्या भाड्याचंही तसंच.

म्हणून पैसे आधी, बुकिंग नंतर. खर्चाचे दोन भाग करावेत. गाडी आणि खोली यांचा वाटा ठरलेल्या तारखेपर्यंत जमा करायचा आणि ऐनवेळी गळणाऱ्याला तो परत मिळणार नाही, हे ग्रुपवर लिहून ठेवायचं. जेवण, फेरीबोट, जलक्रीडा यांचा वाटा मात्र जो येईल त्याचाच. खजिनदार एकच, आणि त्याने रोज रात्री हिशेबाचा फोटो ग्रुपवर टाकायचा. सुरमई-पापलेट खाणारे आणि शाकाहारी यांच्या ताटाच्या किमतीत बराच फरक असतो. तो आधीच वेगळा धरला तर कुणाच्या मनात राहत नाही. शनिवार पाळणारे, सोमवार पाळणारे कोण, हेही आधी विचारावं.

ज्याला जास्त खर्च परवडत नाही, तो बहुतेक वेळा तसं बोलत नाही. तो 'बघू' म्हणतो आणि शेवटी येत नाही. म्हणून ग्रुपवर आधी 'कुठे जायचं' विचारण्याऐवजी प्रत्येकाला एकेकट्याने 'किती जमेल' विचारावं. सर्वात कमी आलेला आकडा हेच सहलीचं बजेट.

मुक्काम ठरवताना काय विचारायचं?

राज्य पर्यटन विकास महामंडळाची निवासस्थानं हरिहरेश्वर, वेळणेश्वर, गणपतीपुळे, तारकर्ली इथे आहेत. शिवाय महामंडळाच्या 'निवास व न्याहारी' योजनेत नोंदणी झालेली घरंही असतात. घरगुती मुक्कामात जेवण चांगलं मिळतं आणि भरतीची वेळ सांगणारा माणूसही तिथेच असतो.

फोनवर विचारायचे प्रश्न: किनारा चालत किती मिनिटांवर आहे? फक्त मुलांच्या ग्रुपला खोली देता का? अनेक ठिकाणी 'फक्त कुटुंबासाठी' असा नियम असतो आणि तो दारात गेल्यावर कळतो. एका खोलीत किती जण? ताटाचा दर काय? रद्द केल्यास किती पैसे परत? ओळखपत्र प्रत्येकाचं सोबत हवं.

आगाऊ पैसे पाठवताना सावध राहावं. हॉटेलच्या नावाने खोटा क्रमांक इंटरनेटवर टाकून फसवण्याचे प्रकार होतात. दोन वेगळ्या ठिकाणांहून क्रमांक पडताळावा, व्हिडिओ कॉलवर खोली दाखवायला सांगावी. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या क्रमांकावर तक्रार करावी.

आणि खरंच भूमध्य समुद्र गाठायचा असेल तर?

तेही अशक्य नाही, फक्त तयारी सहा महिने आधी सुरू करावी लागते. ग्रीस, इटली, स्पेन, फ्रान्स, क्रोएशिया, माल्टा हे देश शेंगेन क्षेत्रात येतात. एका व्हिसावर यातल्या कोणत्याही देशात फिरता येतं. तुर्की आणि इजिप्त त्यात नाहीत. अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त ६ महिने आणि कमीत कमी १५ दिवस आधी करायचा. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो, सेवाकेंद्राचं शुल्क वेगळं. किमान ३०,००० युरोचा प्रवासी वैद्यकीय विमा लागतो. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान ३ महिने वैध हवा. साताऱ्याचे पासपोर्ट पुण्याच्या प्रादेशिक कार्यालयाच्या अखत्यारीत येतात.

ग्रुपसाठी सर्वात महत्त्वाची गोष्ट म्हणजे अर्ज सहा जणांनी एकत्र केले तरी निर्णय प्रत्येकाचा वेगळा होतो. पाच जणांना मिळाला आणि एकाला नाकारला, असं होऊ शकतं. तेव्हा काय करायचं, हे तिकीट काढण्याआधी ठरवावं. महिना म्हणाल तर मे-जून किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टमध्ये तिथे गर्दी, महागाई आणि उष्णतेच्या लाटा असतात. योगायोग असा की कोकणचा समुद्र बंद असतो, तेव्हाच तिकडचा उघडा असतो.

दोन दिवसांचा आराखडा कसा दिसेल?

समजा डिसेंबर-जानेवारीतला अष्टमीच्या आसपासचा शनिवार-रविवार आहे आणि वरंधा घाट सुरू आहे. शनिवारी सकाळी सहाला शिरवळ सोडायचं, भोरला चहा आणि पेट्रोल, उजेडात घाट, महाडला नाश्ता. दुपारी बारा-साडेबाराला हरिहरेश्वर. तेव्हा ओहोटी असल्याने आधी प्रदक्षिणा आणि दर्शन, मग जेवण. साडेचारनंतर किनारा, सूर्यास्ताला सगळे पाण्याबाहेर. रविवारी सकाळी श्रीवर्धनचा किनारा, अकराला जेवण करून परतीचा प्रवास. घाट पाचच्या आत ओलांडायचा आणि रात्री आठच्या आत शिरवळ. सोमवारी पहिल्या शिफ्टला जाणाऱ्याची झोपही पूर्ण होते.

या आराखड्यात हॉटेलचं नाव कुठेच नाही. ते सर्वात शेवटी ठरवता येतं आणि पसंत पडलं नाही तर बदलताही येतं. तिथी, घाट आणि ओहोटी यांना मात्र आपल्या सोयीने बदलता येत नाही. त्यामुळे पुढच्या वेळी ग्रुपवर रील आलं, की हॉटेल शोधण्याआधी कुणीतरी भिंतीवरच्या कॅलेंडरचा फोटो टाकावा.